खंडित मूर्ती कोणी फोडली, हे दगडावरून सांगता येते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातील आपल्या गावाबाहेर, रानाच्या कडेला, एक पडके दगडी देऊळ आहे. दारावरच्या द्वारपालांचे चेहरे नाहीत, नंदी दुभंगलेला आहे, आणि आठ-दहा मूर्तींचे तुकडे पिंपळाच्या पारावर मांडून ठेवले आहेत. येत्या लक्ष्मी यात्रेपूर्वी पंच कमिटीला तिथे ग्रॅनाइटचा फलक लावायचा आहे. ‘हे देऊळ आदिलशाही फौजेने फोडले’ असा मजकूर असावा असे काहींचे म्हणणे आहे, तर घाट उतरला की गोवा असल्याने काहींना हे काम पोर्तुगीजांचे वाटते. यांपैकी कोणते नाव घालावे, आणि तुकडे मलप्रभेत विसर्जित करावेत का, असे आपण विचारले आहे.

मी बेळगाव, धारवाड आणि कोल्हापूर या पट्ट्यातील दगडी शिल्पांची नोंदणी आणि डागडुजी गेली एकतीस वर्षे करीत आहे. त्या अनुभवावर सांगतो की आपण एकच प्रश्न विचारला असला तरी त्यात तीन प्रश्न आहेत: मूर्ती कशी फुटली, ती कोणी फोडली आणि फलकावर काय लिहावे. पहिल्याचे उत्तर दगड बहुतेक वेळा देतो. दुसऱ्याचे उत्तर दगड एकटा क्वचितच देतो, त्याला लेखी साक्षीदाराची जोड लागते. गोंधळ होतो तो पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचेही मिळाले असे आपण धरून चालतो म्हणून.

हा गोंधळ मी स्वतः केलेला आहे. नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एका गावातील शिरविहीन देवीची नोंद करताना मी अहवालात ‘आदिलशाही काळात भग्न’ असे बेधडक लिहिले. गावकऱ्यांनी तसे सांगितले होते, मलाही ते पटले होते, आणि त्या वयात पुरावा मागण्याची सवय लागलेली नव्हती. पुढे बारा वर्षांनी त्याच देवळाचा एकोणिसाव्या शतकातील एक फोटो माझ्या हाती आला. त्यात देवीचे डोके जागेवर होते, एवढेच नव्हे तर नाकातील नथीची जागाही स्पष्ट दिसत होती. नंतर मानेचा भंग पुन्हा पाहिला तेव्हा तो करवतीने कापल्यासारखा सपाट होता, आणि हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवे होते. डोके कोणा व्यापाऱ्याकडे गेले असणार. माझे ते वाक्य मात्र दोन पुस्तिकांमध्ये उतरले आणि त्या आजही वाचल्या जातात.

आता आपल्या देवळाकडे येऊ. मूर्ती आपोआप पडली तर ती कुठे तुटते, हे आधी डोक्यात पक्के असावे. दगडी मूर्तीचे कच्चे भाग ठरलेले आहेत: मान, घोटे, पुढे आलेले हात, हातातील आयुधे, नाक. छत कोसळले, झाडाच्या मुळाने पीठ उचलले किंवा भिंत फुगली की मूर्ती तोंडावर पडते आणि हेच भाग जातात. अशा मूर्तीत भंग बहुधा एकाच बाजूला असतात, तुकडे जवळपास सापडतात आणि ते एकमेकांना जुळतात. आपल्या भागातील उत्तर-चालुक्य, म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांच्या, काळची पुष्कळ शिल्पे मऊ, थराथरांच्या शिस्ट जातीच्या दगडाची आहेत. हा दगड कोरायला लोण्यासारखा असतो, म्हणून त्यात दागिन्यांचा मणी न् मणी उठतो. पण पाणी मुरले की त्याचे पापुद्रे सुटतात. चेहऱ्याचा पापुद्रा सुटून गेला की लांबून पाहणाऱ्याला वाटते, कोणीतरी तोंड तासले आहे. जवळ जाऊन बोट फिरवावे. पापुद्रा सुटलेला भाग थराच्या दिशेने गुळगुळीत लागतो, आणि छिन्नीचा मार दगडाच्या थराची पर्वा न करता आडवा-उभा कसाही गेलेला असतो.

मुद्दाम केलेल्या भंगाची ओळख वेगळी आहे, आणि इथेच धर्मवेडाचा भाग येतो. जो माणूस मूर्तीला पाप समजून फोडतो, तो तिला निव्वळ दगड समजत नाही. तिच्यात काहीतरी सामर्थ्य आहे असे पुजाऱ्याइतकेच तोही मानत असतो. म्हणून त्याचा घाव जिथे ते सामर्थ्य राहते असे त्याला वाटते तिथे पडतो: डोळे, नाक, तोंड, आशीर्वादाचा हात. नाजूक वेलबुट्टी, जाळी, हत्तींची रांग यांच्याकडे त्याचे लक्ष जात नाही. नेदरलँड्समधील उट्रेख्टच्या मोठ्या चर्चमध्ये 1919 साली एका भिंतीमागे दगडी शिल्पपट सापडला. सोळाव्या शतकात, मूर्तिपूजा निषिद्ध मानणाऱ्या सुधारकांच्या उठावाच्या काळात, त्यातील सगळ्या संतांचे चेहरे सपाट तासले गेले होते. पण वस्त्रांच्या चुण्या आणि त्यांवरचे रंग जवळजवळ जसेच्या तसे राहिले आहेत. हे चित्र एकदा पाहिले की मुद्दाम केलेला भंग म्हणजे काय ते कायमचे लक्षात राहते. सर्वांत नाजूक भाग शिल्लक आणि तुलनेने दणकट चेहरा गायब, असे दिसले तर तिथे निसर्गाचा हात नाही, असे मी बिनदिक्कत म्हणतो.

त्याच्या जोडीला उंची पाहावी. जमिनीवर उभ्या माणसाचा हात, फार तर हातातील काठी किंवा घण, जिथवर पोहोचतो तिथवर भंग आणि त्याच्या वर सगळे शाबूत, असे असेल तर काम घाईने, शिडी-परांची न लावता झालेले आहे. छतावरच्या शिल्पांना धक्का नसणे हे त्यामुळेच फार बोलके असते. उलट शिखरापर्यंत परांची बांधून पद्धतशीर नासधूस झाली असेल, तर मागे हुकूम, वेळ, माणसे आणि पैसा होता, असे समजावे.

एक सावधगिरी इथे हवी. मुद्दाम केलेला भंग म्हणजे धर्मवेडच, असेही नाही. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चवरील राजांच्या पुतळ्यांची डोकी 1793 मध्ये क्रांतिकारकांनी उडवली. ते राजे बायबलमधील यहुदाचे होते, पण लोकांना ते फ्रान्सचेच राजे वाटले. त्यांतील 21 डोकी 1977 मध्ये एका इमारतीच्या आवारात पुरलेली सापडली. दगडाला विचारले तर तो इतकेच सांगेल की चेहऱ्यावर राग काढला; राग देवावर होता की राजावर, हे त्याला ठाऊक नसते.

तुमच्या दुभंगलेल्या नंदीबद्दल मला वेगळाच संशय आहे. आपल्याकडे नंदीच्या पोटात किंवा लिंगाच्या पीठाखाली गुप्तधन असते ही समजूत इतकी खोल आहे की फौजांनी आजवर जितके नंदी फोडले नसतील तितके गेल्या शंभर वर्षांत धनाच्या आशेने फुटले असावेत, असे माझे मत आहे. मांत्रिक, अमावस्या आणि पायाळू माणूस हे त्रिकूट आपल्या ऐकण्यात असेलच. या फोडीची खूण अशी की चेहरा बहुधा शाबूत असतो, घाव पोटावर किंवा पीठाच्या सांध्यात असतो, पहारेच्या टोकाचे खोल खळगे दिसतात आणि जवळ खड्डा असतो. सौंदत्तीकडील एका गावात नंदी तीनशे वर्षांपूर्वी फोडला असे सगळे छातीठोकपणे सांगत होते. मी खड्ड्यातील माती चाळली तेव्हा तळाशी टॉर्चचा गंजलेला सेल निघाला. ते ऐकून एक वृद्ध गृहस्थ हसले आणि त्यांनी सांगितले की ते लहान असताना एका रात्री घणाचे आवाज ऐकू आले होते, पण कोणी बाहेर पडले नव्हते.

तिसरे कारण अगदी रोजचे आहे: दगड उचलून नेणे. घडीव दगड विहिरीला, बांधाला, तालमीच्या पायाला किंवा धुण्याला सोयीचा असतो. आपल्या देवळाच्या आसपासच्या शेतांच्या कडा एकदा फिरून पाहाव्यात. एखाद्या बांधात कोरीव पट्टी उलटी बसवलेली दिसली तर नवल नाही.

भंग किती जुना आहे, हा प्रश्न मात्र परिस्थितीवर अवलंबून असतो आणि त्यात मी कोणालाही ठाम आकडा देत नाही. ताजा भंग उजळ दिसतो, जुना काळवंडतो आणि त्यावर दगडफूल धरते. पण खानापूरच्या रानात, जिथे पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवस ऊन पडत नाही, तिथे थोड्याच वर्षांत दगड जुनाट दिसू लागतो. अथणीच्या कोरड्या हवेत तोच भंग दोन पिढ्या उजळ राहू शकतो. त्यामुळे भंगाची तुलना त्याच मूर्तीच्या न फुटलेल्या भागाशी, त्याच दिशेला तोंड असलेल्या पृष्ठभागाशी करावी. तेल-शेंदराचे थर भंगाच्या वरून गेले असतील तर फुटल्यानंतरही पूजा चालू होती, हे निश्चित. असे असेल तर गावाने ती मूर्ती टाकली नव्हती, आणि माझ्या दृष्टीने ही बाब फलकावर घालण्याजोगी आहे. धुराच्या काजळीवर विसंबू नये, कारण पडक्या देवळात मेंढपाळ आणि वाटसरू चुली मांडतातच. मोठ्या आगीने दगडाचे बाकदार टवके उडतात आणि काही दगड लालसर होतात. तसे दिसले तरच आगीचा विचार करावा.

आता दुसरा साक्षीदार, म्हणजे लेखी पुरावा. माझ्या वाचनातून आलेली एक गोष्ट इथे उपयोगी पडेल. धर्मवेडाने कलाकृती फोडणारा माणूस आपले काम सहसा लपवत नाही. ते त्याला पुण्यकर्म वाटते, म्हणून तो ते लिहून ठेवतो, कोरून ठेवतो, आज असता तर चित्रित करतो. इंग्लंडमध्ये 1643-44 या काळात विल्यम डाउझिंग नावाच्या माणसाने चर्चमधील चित्रे, रंगीत काचा आणि मूर्ती फोडण्याचे अधिकृत काम केले आणि कोणत्या गावात काय फोडले याची रोजनिशी ठेवली. मेक्सिकोच्या युकातान भागात दिएगो दे लांडा या ख्रिस्ती धर्मगुरूने 1562 मध्ये माया लोकांच्या मूर्ती आणि चित्रलिपीतील पोथ्या जाळल्या, आणि त्याचे वर्णन त्यानेच लिहिले. त्या पोथ्यांपैकी आज जगात चारच उरल्या आहेत, आणि ती लिपी उलगडताना अभ्यासकांना त्याच लांडाच्या टिपणांचा आधार घ्यावा लागला. काशी विश्वेश्वराचे देऊळ 1669 मध्ये पाडल्याची नोंद औरंगजेबाच्या काळाच्या फारसी बखरीतच, अभिमानाने केलेली आहे. 2001 च्या मार्चमध्ये बामियानचे 55 आणि 38 मीटर उंचीचे बुद्ध उडवले तेव्हा त्याची दृश्ये जगाला दाखवली गेली. तिथे आणखी एक बारकावा आहे. त्याच तालिबानच्या प्रमुखाने 1999 मध्ये हे बुद्ध जपावेत असा आदेश काढला होता. धर्म तोच, हुकूम देणारा तोच. दोन वर्षांत बदलले ते राजकारण.

आपल्या मुलखात याचा सर्वांत स्पष्ट नमुना हावेरी जिल्ह्यातील अब्लूरच्या सोमेश्वर मंदिरात आहे, आणि तो पाहायला आपल्या पंच कमिटीने एकदा जरूर जावे. साधारण 1200 च्या सुमाराचा तिथला शिलालेख एकांतद रामय्या या शिवभक्ताची कथा सांगतो. जैनांशी वाद झाला, त्याने पैजेवर आपले शिर कापून शिवाला वाहिले आणि ते परत मिळवले, मग जिनमूर्ती फोडून तिथे शिवाची स्थापना केली, आणि तक्रार गेल्यावर कलचुरी राजा बिज्जळाने त्याला जयपत्र दिले. नुसता लेख नाही, तर प्रसंग भिंतीवर कोरून खाली मथळेही दिले आहेत. शिर परत येण्याचा भाग श्रद्धेचा आहे, तो बाजूला ठेवू. मूर्ती फोडणे ही अभिमानाने कोरण्याची गोष्ट आहे असे त्या मंदिराच्या कर्त्यांना वाटले, हे मात्र दगडावर लिहिलेले आहे. त्यात हिंदू-मुसलमान असा काहीच प्रश्न नव्हता.

म्हणून आपल्याला एक काम सुचवतो. दाराच्या चौकटीवर मधोमध जे छोटे शिल्प असते, ज्याला ललाटबिंब म्हणतात, ते नीट पाहावे. तिथे गजलक्ष्मी किंवा गणपती असेल तर ठीक. पण मूर्ती घासलेली असून तिच्यावर एकावर एक तीन छत्र्या शिल्लक असतील, तर ते देऊळ मुळात बस्ती, म्हणजे जैन मंदिर, होते. या त्रिछत्राला कन्नडमध्ये मुक्कोडे म्हणतात. आपल्या भागात बस्तीचे शिवालय झाल्याची उदाहरणे आहेत, आणि त्यातील काही ठिकाणी बळजबरी झाली असेल, काही ठिकाणी गावातील जैन घरे संपल्यावर उरलेल्यांनी देव बदलला असेल. हे दोन प्रकार दगडावरून वेगळे करणे मला नेहमी जमलेले नाही. बुक्करायाने 1368 मध्ये श्रवणबेळगोळ येथे जैन आणि श्रीवैष्णव यांच्यात समेट घडवून तो लेखात कोरवला, यावरून इतके कळते की असे वाद राजापर्यंत जात होते आणि ते मिटतही होते.

राजकीय सूडाचेही पदर आहेत. गदग-अण्णिगेरी भागातील जैन मंदिरे चोळांनी जाळल्याची तक्रार गावरवाड येथील 1071-72 च्या लेखात आहे. चोळांपैकीच राजाधिराज नावाच्या राजाने चालुक्यांची राजधानी कल्याणी जाळून तिथला द्वारपाल विजयचिन्ह म्हणून तमिळ देशात नेला, आणि मूर्तीच्या पीठावर तसे कोरून ठेवले. शत्रूचा देव पळवणे म्हणजे शत्रूचे राज्य संपवणे, ही त्या काळची भाषा होती. याच्या पुढची पायरी म्हणजे निव्वळ लूट, आणि इथे मराठी वाचकाला थोडे अवघडल्यासारखे होईल. 1791 मध्ये टिपूविरुद्धच्या मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबर असलेल्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला आणि शारदेची मूर्ती जागेवरून हलली. मठाने टिपूकडे गाऱ्हाणे केले आणि त्याने पुनःप्रतिष्ठेसाठी पैसे आणि साहित्य पाठवले. ती पत्रे 1916 मध्ये मठातच उजेडात आली. पेंढाऱ्यांना शारदेशी वैर नव्हते, त्यांना दागिने हवे होते. हे मी पटवर्धनांना दोष देण्यासाठी सांगत नाही. फौजेचे नाव कळले म्हणून कारण कळले असे होत नाही, हे दाखवायला याहून जवळचे उदाहरण मला माहीत नाही.

म्हणून आदिलशाही किंवा पोर्तुगीज यांची नावे खोडावीत असे माझे म्हणणे आहे का? तसे नाही. 1659 मध्ये अफजलखानाच्या स्वारीत तुळजापूरला झालेला उपद्रव मराठी मनाने विसरलेला नाही, आणि तो तत्कालीन साधनांत आहे. 1565 च्या राक्षसतंगडीच्या लढाईनंतर विजयनगरात विठ्ठल मंदिराची जी गत झाली ती तिथे जाऊन कोणीही पाहू शकतो, मात्र त्याच शहरात विरूपाक्षाची पूजा चालू राहिली हेही पाहावे. गोव्याच्या बाबतीत तर कागद भरपूर आहेत. 1540 पासून तिसवाडी बेटावरची देवळे, 1567 मध्ये साष्टी प्रांतातील देवळे पाडली गेली आणि त्यांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवल्याच्या नोंदी राहिल्या. कुशस्थळीचा मंगेश 1560 मध्ये लोकांनी रातोरात प्रियोळला हलवला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. या गोष्टीचा आपल्या तालुक्याशी सरळ संबंध आहे. हलशीचे भूवराह-नरसिंह मंदिर ज्या गोव्याच्या कदंबांनी बाराव्या शतकात उभारले, त्यांचे कुलदैवत दिवाडी बेटावरील नार्वेचा सप्तकोटीश्वर होता. ‘सप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’ हे बिरुद त्यांच्या नाण्यांवरही आहे. ते देऊळ पोर्तुगीजांनी पाडले, लिंगाचा दगड विहिरीला लावला होता असे सांगितले जाते, तो भक्तांनी सोडवून नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नेला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. पण पोर्तुगीजांचा देवळे पाडण्याचा अंमल चालला तो त्यांच्या ताब्यातील मुलखात. घाटमाथ्यावरच्या आपल्या गावावर त्यांचा ताबा असल्याचा कागद मिळेपर्यंत ते नाव फलकावर चढवू नये.

आदिलशाहीबद्दल विचार करताना बेळगावचा किल्ला डोळ्यांपुढे ठेवावा, कारण तो आपल्याला रोजचा आहे आणि म्हणूनच कोणी नीट पाहत नाही. रट्ट राजांचा मंत्री बीचिराज याने 1204 मध्ये बांधलेली कमल बस्ती तिथे उभी आहे, छतातील दगडी कमळ अजून लोंबते आहे. 1472 मध्ये बहमनी वजीर महमूद गावानाने किल्ला घेतला, पुढे तो आदिलशाहीत आला, तरी ही बस्ती टिकली. त्याच किल्ल्यात विजापूरचा सरदार असदखान लारी याच्या सफा मशिदीत जुन्या मंदिरांचे खांब आहेत, आणि तटातही कोरीव दगड बसलेले दिसतात. बस्तीचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ते नेणाऱ्याने एक टवकाही उडवला नाही, पण आपल्या दृष्टीने ते गेलेच. एका आवारात टिकवणे, मोडून वापरणे आणि उचलून नेणे असे तिन्ही प्रकार आहेत. नुसत्या धर्मवेडाने याचा उलगडा होत नाही आणि ‘त्यांना फक्त दगड हवे होते’ म्हणूनही होत नाही. देऊळ मोडून त्याचे खांब मशिदीला लावण्यात सत्तेचा दिमाख होता, हे मान्य करावे लागते.

विसर्जनाबद्दल माझे मत अगदी ठाम आहे: करू नये. खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये अशी परंपरा आहे, ती मी जाणतो आणि तिचा मान ठेवतो. पण पूजेतून काढणे आणि नदीत टाकणे या दोन गोष्टी आहेत. पूजेसाठी विधीपूर्वक नवी मूर्ती बसवता येते, जुनी त्याच आवारात छपराखाली ठेवता येते; बऱ्याच गावांनी असेच केले आहे. तुकडे एकदा वाळूत गेले की जुळणारा भंग पाहण्याची शक्यताच संपते. शिवाय शंभर वर्षांहून जुनी शिल्पे 1972 च्या पुरावशेष कायद्यात येतात, तेव्हा हलवाहलव करण्यापूर्वी राज्याच्या पुरातत्त्व खात्याला लेखी कळवावे. देऊळ केंद्राच्या संरक्षित यादीत असेल तर शंभर मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई असते, तेव्हा फलकाच्या चौथऱ्याबद्दलही आधी विचारावे. आणि कृपा करून सिमेंट, ऑइलपेंट, अॅसिड आणि सँडब्लास्टिंग यांपैकी काहीही मूर्तीला लावू देऊ नका. मी पाहिलेल्या देवळांत गेल्या तीस वर्षांत वाळूच्या फवाऱ्याने जितके चेहरे पुसले गेले तितके माझ्या नोंदवहीतील कोणत्याही स्वारीच्या खाती जमा नाहीत, आणि हे सगळे भक्तीने, वर्गणी काढून झाले.

आवारात अक्षरांचा एखादा दगड असेल तर त्यावर पीठ किंवा खडू न चोळता सकाळच्या तिरप्या उजेडात फोटो घ्यावेत. लेख बहुधा हळेकन्नडमध्ये, म्हणजे जुन्या कन्नडमध्ये, असेल, तेव्हा जवळच्या एखाद्या कन्नड अभ्यासकाला मानाने बोलवावे. मी स्वतः गेली तीस वर्षे अशाच मित्रांच्या डोळ्यांनी वाचतो. अशा लेखाच्या शेवटी, हे दान मोडणाऱ्याला वाराणसीत हजार कपिला गायी मारल्याचे पाप लागेल, अशा अर्थाचा शाप असतो. मोडतोड करणारे आपल्यातलेच असू शकतात याची लेख कोरणाऱ्यांना कल्पना होती, नाहीतर बाहेरच्याला वाराणसीच्या गायींचा धाक कशाला घातला असता?

फलकाचा मजकूर मी आज लिहायचा म्हटला तर एवढाच लिहीन: ‘हे मंदिर शैलीवरून सुमारे अमुक शतकातील आहे. द्वारपालांचे चेहरे छिन्नीने तोडलेले आहेत. नंदीचा भंग वेगळ्या प्रकारचा आहे. फुटल्यानंतरही या मूर्तींची पूजा होत होती. गावाने हे अवशेष अमुक साली एकत्र करून जपले.’ शतकाची जागा तज्ज्ञाने पाहिल्यावर भरावी, आणि जी वाक्ये आपल्या देवळाला लागू नसतील ती काढून टाकावीत. पुढे कागद सापडला तर ओळ वाढवता येईल अशी जागा खाली सोडावी. कमिटीतील ज्यांना नाव हवेच आहे त्यांना माझ्या त्या शिरविहीन देवीची हकीकत सांगावी. ग्रॅनाइटवर कोरलेली चूक पुस्तिकेतील चुकीपेक्षा खोडायला अवघड जाते.

आपण पाठवलेला द्वारपालांचा फोटो भर दुपारचा आहे, त्यात घाव कळत नाहीत. सकाळी आठच्या सुमारास, ऊन बाजूने पडत असताना, शेजारी मोजपट्टी धरून तीन फोटो घ्यावेत: उजव्या द्वारपालाचा तुटलेला चेहरा, नंदीचे पोट आणि दाराचे ललाटबिंब. नंदीच्या बाजूला खड्डा असेल तर तो बुजवू नये. हे फोटो इथेच टाकलेत तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी बऱ्यापैकी खात्रीने देऊ शकेन.